पीक किती आणे?

1972 च्या 23 जुलैला अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातून एक उपग्रह आकाशात गेला. पुढे त्याचं नाव लँडसॅट-1 पडलं. तो सुमारे 900 किलोमीटर उंचीवरून फिरायचा आणि दर 18 दिवसांनी पुन्हा त्याच जागेवर यायचा. शेत, जंगल, पाणी, माळ यांच्यावर नजर ठेवण्यासाठी मुद्दाम सोडलेला हा पहिलाच उपग्रह. त्याच जुलैत महाराष्ट्रात पावसानं दडी मारली होती. पेरलेलं करपत होतं आणि पुढचा महाभयंकर दुष्काळ डोक्यावर येऊन ठेपला होता. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. शाळेत सुकडी मिळायची, घरी रेशनवरचा तांबडा मिलो शिजायचा आणि आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. उपग्रह वगैरे आमच्या गावी कुणाच्या गावीही नव्हतं.

पुढे मी तलाठी झालो, मग मंडळ अधिकारी, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘सर्कल’. सारी नोकरी दुष्काळी पट्ट्यात गेली. दरवर्षी पावसाळा सरत आला की वरून एकच प्रश्न यायचा: पीक किती? आधी त्याचं उत्तर आम्ही बांधावर उभं राहून द्यायचो. निवृत्तीच्या सुमारास ते उत्तर आकाशातून येऊ लागलं. या बदलाकडे लोक फक्त तंत्रज्ञानाची प्रगती म्हणून बघतात. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. पिकाचा आकडा ठरवणारा माणूस दर पिढीत शेतापासून थोडा लांब गेला. आकडा सुधारला, पण त्याच्याशी भांडायची जागा आक्रसत गेली.

सुरुवात जमिनीपासूनच करावी लागते. इंग्रजी अमलात प्रिंगल या अधिकाऱ्यानं दख्खनमध्ये केलेली पाहणी फसली. त्यानंतर 1830 च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्यानं मोजणी सुरू केली. त्यांच्या पद्धतीत क्लासर शेतात यायचा, जमीन उकरून मातीची खोली हातानं मोजायचा, रंग आणि पोत बघायचा. चुनखडी, वाळू, उतार असे दोष नोंदवायचा आणि शेवटी जमिनीची किंमत आण्यांत लिहायचा. पावणेदोन हात खोल, काळी, कसदार माती म्हणजे 16 आणे. तिथून 14, 12, 10, 8, 6, साडेचार, 3 आणि अगदी शेवटी 2 आणे, असे नऊ वर्ग. 1847 च्या संयुक्त अहवालात ही पद्धत पक्की झाली आणि मुंबई इलाख्यात रूढ झाली. रुपयाचे आणे सोळा, म्हणून पूर्ण म्हणजे सोळा आणे. हा हिशेब अडाण्यालाही कळायचा.

पिकाची आणेवारीही याच भाषेत बोलायची. सोळा आणे म्हणजे भरपूर पीक, आठ आणे म्हणजे निम्मं, चार आणे म्हणजे पाव. यात शेतकऱ्याचा जीव अडकला होता, कारण आकडा एका मर्यादेखाली गेला तरच सारा तहकूब व्हायचा. 1876 ते 1878 च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेनं जिल्ह्याजिल्ह्यांतून माणसांमार्फत माहिती गोळा केली आणि सरकारी चित्राशेजारी गावांकडून आलेलं चित्र मांडलं. त्या दुष्काळानंतर 1880 मध्ये दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि त्यातून दुष्काळ संहिता तयार झाली. 1896-97 मध्ये पुन्हा दुष्काळ पडला. तेव्हा टिळकांनी ‘केसरी’तून आणि सभेच्या माणसांकरवी शेतकऱ्यांना सांगायला सुरुवात केली की, कायद्यात तुमचे हक्क लिहिलेले आहेत, ते मागा. सरकारला ते झोंबलं आणि 1897 मध्ये त्यानं सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली.

या भांडणाचा कळस 1918 मध्ये खेडा जिल्ह्यात झाला. खेडा गुजरातेत, पण इलाखा मुंबईचाच आणि महसुलाचे नियमही तेच. पीक चार आणे किंवा त्याहून कमी आलं, तर त्या वर्षाचा सारा तहकूब करून घेण्याचा हक्क शेतकऱ्याला होता. शेतकरी म्हणत, पीक चार आण्यांच्या आत आहे. अधिकारी म्हणत, चाराच्या वर आहे. गांधीजी आणि वल्लभभाई पटेल गावोगाव फिरले, त्यांनी पिकांची चौकशी केली आणि निःपक्ष लवादाची मागणी केली. सरकारनं ती मानली नाही आणि मार्चमध्ये नडियादला सत्याग्रहाची प्रतिज्ञा झाली. शाळेच्या पुस्तकात आपण खेडा सत्याग्रह ‘साराबंदी’ म्हणून वाचतो. माझ्यासारख्या महसुलातल्या माणसाला मात्र तो आणेवारीचा वाद म्हणूनच दिसतो. आकडा कुणाचा खरा धरायचा, यावरून उभा राहिलेला तो लढा होता.

नजरेनं ठरवलेल्या आकड्यावर कुणाचाच भरवसा नाही, हे उघड झाल्यावर 1940 च्या दशकात संख्याशास्त्रज्ञ शेतात उतरले. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस पिकाचे छोटे छोटे तुकडे कापून उत्पन्नाचा अंदाज काढत होते. दुसऱ्या बाजूला होते पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. त्यांनी आणि विनायक पानसे यांनी नियम लावून निवडलेल्या मोठ्या तुकड्यांची कापणी करायची पद्धत बसवली. सुखात्मे यांनी दाखवून दिलं की तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगतं. कारण साधं आहे. कडेवरचं ताट आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. तुकडा लहान तितकी कड जास्त आणि कड जास्त तितकी चूक मोठी. या वादाची खूण आमच्या हातातल्या टेपवर होती. 10 मीटर बाय 5 मीटर, म्हणजे 50 चौरस मीटर. आपल्या हिशेबानं जेमतेम अर्धा गुंठा.

पीक कापणी प्रयोग कसा होतो, हे शहरातल्या वाचकाला बहुधा ठाऊक नसतं. गट नंबर आधीच निवडलेला असतो, तो आपल्या मर्जीचा नसतो. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यात उभं राहायचं. तक्त्यातून आलेल्या दोन आकड्यांइतकी पावलं लांबीकडून आणि रुंदीकडून चालायची. जिथं थांबाल तिथं पहिली खुंटी. मग टेप धरून उरलेल्या तीन खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची आणि कर्णही मोजायचा, नाहीतर चौकोन तिरपा होतो. दोरीवर आलेल्या ताटाचं बूड आत असेल तर कणीस आत, बाहेर असेल तर बाहेर. कणसं खुडून गोणपाटावर टाकायची, मळायची, उफणायची, वजन करायचं. मग त्यातलं थोडं धान्य वाळवून पुन्हा वजन, कारण ओल्या दाण्यात पाण्याचं वजन असतं. हे सगळं चालू असताना शेताचा मालक शेजारी उभा. खुंटी ओढ्याकडच्या अंगाला जायला लागली की तो हळूच म्हणायचा, “भाऊसाहेब, तिकडं नगा जाऊ. तिकडं खत पडलंया, तिथलं पीक जोरात हाय. हिकडं बगा की, माळाच्या अंगाला.” त्याचं म्हणणं चुकीचं होतं असंही नाही. त्याला ठाऊक होतं की त्या अर्ध्या गुंठ्यावर गावाचा आकडा ठरणार आहे.

1957 मध्ये दशमान नाणी आली, आणे गेले, आणेवारीची पैसेवारी झाली आणि रेषा 50 पैशांवर आली. हलक्या, मध्यम आणि भारी जमिनीतल्या कापणीचं उत्पन्न त्या पिकाच्या प्रमाण उत्पन्नाशी ताडून पाहायचं. शंभरात पन्नासाच्या आत आलं की गाव टंचाईत. तिथून पुढच्या सवलतींची यादी महसुलातल्या कुठल्याही कारकुनाला तोंडपाठ असते: जमीन महसुलात सूट, कर्जाचं पुनर्गठन, वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू बिलात 33.5 टक्के सूट, पोरांची परीक्षा फी माफ, रोजगार हमीच्या निकषांत ढील, टँकर आणि टंचाईच्या गावात पंपाची वीज न तोडणं. सप्टेंबरअखेर नजरअंदाज पैसेवारी, ऑक्टोबरअखेर सुधारित हंगामी, डिसेंबरात अंतिम. रब्बीच्या गावांचं चक्र वेगळं.

नियम असा असला, तरी ‘नजरअंदाज’ ही खरंच नजरेचीच असायची. सप्टेंबरात बाजरीचं कणीस भरत असतं, तेव्हा कापणार काय? मग समिती चावडीत बसायची. मंडळ अधिकारी, तलाठी, ग्रामसेवक, सरपंच, दोन-चार शेतकरी. आणि बाहेर ओट्यावर बाकीचं गाव. “औंदा काय खरं न्हाय बगा. पन्नासच्या आत घ्या, न्हायतर सोसायटीवाला दारात उभा ऱ्हाईल.” कुणी शेजारच्या गावाचा आकडा पुढे करायचं, कुणी गेल्या सालचा. वरून फोन यायचे, खालून आर्जवं यायची. अंतिम यादीत 47, 48, 49 हे आकडे जरा जास्तच दाटीनं बसलेले असत, आणि कुणाला त्याचं नवल वाटत नसे. पैसेवारी खोटी असते असा शिक्का तिच्यावर बसला तो उगीच नव्हे. उशीर तर होताच. डिसेंबरात अंतिम आकडा लागतो, तोवर माणसांनी जनावरं बाजाराला लावलेली असतात आणि ऊसतोडीच्या गाड्या गाव सोडून गेलेल्या असतात.

तरीही पैसेवारीची एक बाजू मी कधी विसरणार नाही. तिच्याशी भांडता येत होतं. हंगामी आकडा जाहीर व्हायचा, हरकती यायच्या, माणसं चावडीत येऊन तावातावानं बोलायची. “माझ्या रानात चला, दाखवतो,” असं म्हणणाऱ्याबरोबर आम्ही चालत गेलोय. आकडा बदलला नाही तरी तो का बदलला नाही, हे त्याला तोंडावर सांगावं लागायचं.

आता आकाशाकडे वळू. भारतात या कामाचा पहिला धडा नारळानं दिला. 1970 मध्ये केरळात माडांना मूळमर रोग लागला होता. पिशारोथ रामा पिशारोती यांच्या पुढाकारानं हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर माडांचे फोटो घेतले गेले आणि वरवर निरोगी वाटणारे आजारी माडही फोटोत ओळखू आले. हे पिशारोती त्याआधी पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेचे पहिले संचालक होते. यामागचं विज्ञान तसं सोपं आहे. हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं, कारण त्यावरच त्याचं अन्न शिजतं. पण डोळ्याला न दिसणारे जवळचे अवरक्त किरण ते मोठ्या प्रमाणात परत फेकतं. पान सुकायला लागलं की हे गणित उलटं सरकतं. लाल आणि अवरक्त यांतला फरक त्यांच्या बेरजेनं भागला की उणे एक ते अधिक एक या दरम्यानचा एक आकडा मिळतो. उघड्या रानात तो शून्याच्या थोडा वर असतो, दाट पिकात सहा-सात दशांशापर्यंत चढतो. टेक्सासमधल्या रौझ आणि सहकाऱ्यांनी 1973 च्या सुमारास लँडसॅटच्या माहितीवर हा निर्देशांक वापरला. आज एनडीव्हीआय म्हणतात तो हाच. त्याला मी मनातल्या मनात आकाशातली नजरअंदाज पैसेवारी म्हणतो.

पुढचा प्रवास वेगानं झाला. 1979 मध्ये हैदराबादजवळ शादनगरला लँडसॅटची माहिती उतरवून घेणारं केंद्र सुरू झालं आणि त्याच वर्षी आपला भास्कर-1 गेला. 1987 मध्ये देशभर दुष्काळ पडला, त्यानंतर 1989 पासून राष्ट्रीय दूरसंवेदन संस्थेनं दुष्काळावर नियमित लक्ष ठेवायला सुरुवात केली. सुरुवातीला आधार होता अमेरिकी ‘नोआ’ उपग्रहांचा. ते रोज माहिती द्यायचे, पण त्यांचा एक ठिपका 1.1 किलोमीटर लांब-रुंद, म्हणजे एका ठिपक्यात जवळजवळ तीनशे एकर. गावठाण, ओढा, माळ, पाटलाचा मळा आणि गरिबाचं खडकाळ रान, सगळ्यांचा एकच रंग. त्यावरून जिल्ह्याची तब्येत कळायची, गावाची नाही.

हा ठिपका लहान होण्याचा इतिहास मी गुंठ्यांतच मांडतो, कारण माझा हिशेब गुंठ्यांत चालतो. लँडसॅट-1 चा ठिपका साधारण 62 गुंठ्यांचा, म्हणजे दीड एकराचा. 17 मार्च 1988 ला बैकोनूरहून गेलेल्या आपल्या आयआरएस-1ए च्या एका कॅमेऱ्याचा ठिपका 52 गुंठ्यांचा, पण तो त्याच जागी 22 दिवसांनी यायचा. पावसाळ्यात तो आलेल्या दिवशी ढग असले की झालं. 2003 च्या रिसोर्ससॅट-1 चा रुंद पट्टा बघणारा कॅमेरा 31 गुंठ्यांवर आला आणि काही दिवसांतच पुन्हा त्याच रानावरून जाऊ लागला, त्यामुळे तालुक्याचा अंदाज बांधणं शक्य झालं. 2015 मध्ये युरोपचा सेंटिनेल-2 गेला, त्याचा ठिपका 10 मीटर बाय 10 मीटर, म्हणजे एक गुंठा. सुखात्म्यांच्या वारशानं आमच्या हाती दिलेला तुकडा अर्ध्या गुंठ्याचा होता. आकाश आणि टेप आता जवळजवळ एका मापावर आले होते. फरक उरला तो एवढाच की टेपवाल्याच्या पुढे शेवटी वजनकाटा असायचा, उपग्रहाच्या पुढे तो नाही.

उपग्रहाचं चित्र मी पहिल्यांदा पुण्यात एका प्रशिक्षणात भिंतीवर पाहिलं. त्यात झाडपाला हिरवा नसतो, लाल असतो, कारण अवरक्त किरणांना लाल रंग दिलेला असतो. दुष्काळी सालातलं चित्र होतं. उजनीचं पाणी काळंभोर, त्याच्या काठानं आणि कालव्याच्या दोन्ही अंगांना लालभडक पट्टे, बाकी सारा मुलूख राखाडी-निळसर. शेजारी बसलेला एक तलाठी म्हणाला, “हे लाल म्हणजे ऊस. आणि आमचं गाव या राखेत कुठंतरी.” सगळे हसले, पण शिकवणाऱ्यानं तासभर बोलून जे सांगितलं नसतं ते त्यानं एका वाक्यात सांगितलं होतं. तालुक्याची सरासरी काढली की उसाचा लाल पट्टा कोरडवाहू राखाडीत मिसळतो आणि तालुका आहे त्याहून बरा दिसतो. म्हणूनच पिकांखालची जमीन वेगळी काढणं आणि आजचा आकडा त्याच पंधरवड्यातल्या मागच्या वर्षांच्या आकड्यांशी ताडणं गरजेचं असतं.

हिरवेपणाचे इतरही चकवे आहेत. वेडी बाभूळ दुष्काळातही हिरवीगार असते. खरीप वाळून गेल्यावर परतीचा पाऊस पडला की बांधावर आणि पडीक रानात गवत फुटतं, आकडा वर चढतो आणि शेतकऱ्याच्या घरात मात्र दाणा नसतो. सोयाबीनचं रान ऐन भरात हिरवं दिसतं, पण शेंगा भरायच्या वेळी पंधरा दिवस पाऊस गेला तर त्या पोचट निघतात. याच्या उलट, रब्बी ज्वारीच्या गावात सप्टेंबरात काळं रान मोकळंच असतं. तिथं हिरवं दिसत नाही म्हणून दुष्काळ म्हणायचं का? आणि सगळ्यांत मोठा अडथळा म्हणजे ढग. ज्या जुलै-ऑगस्टमध्ये पिकाचं भवितव्य ठरतं, त्याच महिन्यांत साध्या कॅमेऱ्याला जमीन दिसत नाही. मग पंधरवड्यातल्या सगळ्या दिवसांतून प्रत्येक ठिपक्याचा सर्वांत हिरवा दिवस उचलून एक चित्र जोडतात. ढगांच्या आरपार बघणारे रडारचे उपग्रह, आपला 2012 चा रिसॅट-1 आणि युरोपचा 2014 चा सेंटिनेल-1, यांनी ही अडचण बरीच हलकी केली. पण त्यांनाही दाण्याचं वजन कळत नाही.

कागदावरचा मोठा बदल दिल्लीतून आला. 2012 मध्ये पिकांच्या अंदाजासाठी राष्ट्रीय केंद्र सुरू झालं आणि त्याला नाव दिलं महालनोबिसांचं. दुष्काळावर नजर ठेवायचं कामही पुढे तिकडेच गेलं. 2015-16 च्या दुष्काळात स्वराज अभियान या संघटनेची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. मे 2016 च्या निकालात न्यायालयानं राज्यांच्या चालढकलीवर बोट ठेवलं आणि दुष्काळाची नियमपुस्तिका सुधारायला सांगितलं. डिसेंबर 2016 मध्ये ती नव्या दुष्काळ संहितेच्या रूपात आली. आधी पावसाची तूट आणि कोरडे खंड बघायचे. मग पेरणी, उपग्रहाचे वनस्पती निर्देशांक, जमिनीतला ओलावा, धरणं आणि भूजल. हे निकष लागले की तालुक्यातली 10 टक्के गावं चिठ्ठीनं निवडून प्रत्यक्ष पाहणी करायची. पीकनुकसान 33 टक्क्यांपर्यंत असेल तर दुष्काळ नाही, 33 ते 50 मध्यम, पन्नासाच्या वर गंभीर. खरिपाची घोषणा ऑक्टोबर संपता संपता व्हायला हवी. महाराष्ट्रानं ऑक्टोबर 2017 मध्ये शासन निर्णय काढून ही पद्धत घेतली. पैसेवारी निघत राहिली, पण दुष्काळ ठरवायचा मान तिच्याकडून गेला.

2018 चा खरीप हा माझ्या नोकरीतला शेवटचा. त्या ऑक्टोबरात राज्यात आधी 180 तालुक्यांत दुष्काळसदृश स्थिती सांगितली गेली. प्रत्यक्ष पाहणी झाल्यावर 31 तारखेला 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, 112 गंभीर आणि 39 मध्यम. ऑक्टोबरातच घोषणा झाली, हे पैसेवारीच्या काळात घडलं नसतं. चाऱ्याचं आणि टँकरचं नियोजन महिना-दोन महिने आधी हाती घेता आलं, आणि यात उपग्रहाचा वाटा मोठा होता, हे मी मोकळेपणानं मान्य करतो.

पण त्या पाहणीतलं एक दृश्य माझ्या मनात राहिलं. चिठ्ठीनं निवडलेल्या गावात आम्ही मोबाइलवर पिकांचे फोटो घेत होतो. शेजारच्या गावचा एक म्हातारा बांधावर येऊन उभा राहिला. त्याचं गाव चिठ्ठीत नव्हतं. त्यानं विचारलं, “साहेब, वरनं आमचं गाव कसं दिसतंय?” मी म्हणालो, तालुक्याचा आकडा आहे, गावाचा माझ्याकडे नाही. “मग आमच्या गावची बाजरी कुणी बगितली?” खरं सांगायचं तर माणसानं कुणीच बघितली नव्हती. उपग्रहानं बघितली होती, पण त्यानं काय बघितलं ते त्या म्हाताऱ्याला वाचता येईल अशा स्वरूपात तालुक्यात कुठंही लावलेलं नव्हतं. खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना आपण कुणाशी भांडतोय ते माहीत होतं. याला नव्हतं.

2023 च्या 31 ऑक्टोबरला 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, 24 गंभीर, 16 मध्यम. यादीबाहेर राहिलेल्यांनी ओरड केली आणि लगेच शेकडो महसूल मंडळांत ‘दुष्काळसदृश’ परिस्थिती जाहीर करावी लागली. निकषांनी दाखवलेलं चित्र आणि गावानं भोगलेलं साल यांतलं अंतर शेवटी मोर्चे आणि निवेदनं भरून काढतात, हे बरं लक्षण नाही. पीकविम्यातही 2023 च्या खरिपापासून भात आणि गहू यांच्या उत्पन्नाच्या हिशेबात तंत्रज्ञानावर आधारलेल्या अंदाजाला निदान 30 टक्के वजन आलं आहे. म्हणजे हा प्रश्न वर्षागणिक मोठाच होणार.

उपाय नवा शोधायला नको, जुन्यातूनच उचलायचा आहे. पैसेवारीत हंगामी आकडा, हरकती आणि मग अंतिम आकडा अशी वाट होती. तीच उपग्रहाच्या आकड्याला लावता येईल. सप्टेंबरअखेर तालुक्याचा आणि जमेल तिथं मंडळाचा पाऊस, हिरवेपणाचा निर्देशांक आणि ओलावा चावडीत साध्या मराठीत लावावा, मागच्या वर्षांच्या आकड्यांसकट. ऊस आणि बागायत वगळून काढला की नाही, तेही लिहावं. आठ-दहा दिवस हरकतींना द्यावेत. पुरावा शेतकऱ्याकडे आहेच. 2021 पासून ई-पीक पाहणीत तो आपल्या पिकाचा फोटो स्वतःच्या फोनमधून जागेच्या नोंदीसह सातबाऱ्यावर चढवतो आहे. तोच फोटो हरकतीला जोडू द्या. ज्या गावांच्या हरकती वजनदार असतील ती चिठ्ठीतल्या 10 टक्क्यांत मुद्दाम घाला आणि तिथं खुंट्या ठोकून वजन करा.

उपग्रह नको असं म्हणणारा शेतकरी मला अजून भेटलेला नाही. जे भेटले ते एवढंच विचारत होते, की हरकत घ्यायची कुणाकडे. याचं उत्तर द्यायला नवा उपग्रह लागत नाही. दोन पानांचा एक शासन निर्णय पुरेल.